स्टेडियम कोणी बांधलं? – खेळ, प्रायोजक आणि शोषणाविरुद्धचा हक्क



सातवीच्या वर्गात नागरिकशास्त्राचा मूलभूत हक्कांचा भाग चालू होता. 'शोषणाविरुद्धचा हक्क' असं फळ्यावर लिहिलं. वेठबिगारी म्हणजे काय, बालमजुरीला बंदी का, हे नेहमीसारखं सांगितलं. मुलं वहीत उतरवून घेत होती, पण वर्गात जान नव्हती. शनिवारची सकाळची शाळा, गणवेशाची सक्ती नाही. शेवटच्या बाकावरचा एक जण मेस्सीच्या नावाचा निळा-पांढरा टी-शर्ट घालून आला होता. मी सहज त्याला विचारलं, "काय रे, तुझ्या मेस्सीनं वर्ल्ड कप उचलला ते स्टेडियम कोणी बांधलं?"

"कतारनं, मॅडम."

"कतारनं म्हणजे नेमकं कोणी?"

वर्ग गप्प. मग पुढच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, "मजुरांनी. बाहेरून आणले असतील, मॅडम. आपल्याकडून कारखान्यावर नेतात तसे."

या मुलीचे आई-वडील दरवर्षी दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात. ती आजीजवळ राहते म्हणून शाळा टिकली आहे. मी पुस्तकातून जे समजावू पाहत होते ते तिला आधीच माहीत होतं, फक्त पुस्तकातला शब्द आणि घरातलं जगणं यांची गाठ पडली नव्हती. त्या दिवशी धडा तिथेच थांबवला. घरी येऊन वाचलं, जुन्या बातम्या काढल्या, एक जुना निकाल पुन्हा वाचला. सोमवारी मुलांना जे सांगितलं आणि त्यातून माझं जे मत झालं, ते इथे लिहिते आहे.

कतारमध्ये काय झालं?

2 डिसेंबर 2010 रोजी फिफाने 2022 च्या फुटबॉल वर्ल्ड कपचं यजमानपद कतारला दिलं. कतार हा देश क्षेत्रफळाने आपल्या बीड जिल्ह्यापेक्षा थोडासाच मोठा. लोकसंख्या तीस लाखांच्या आसपास आणि त्यातले जवळपास नव्वद टक्के लोक कामासाठी बाहेरून आलेले. स्पर्धेसाठी आठ स्टेडियम लागली. एक जुनं नव्याने उभारलं, सात पूर्ण नवी. शिवाय मेट्रो, रस्ते, हॉटेलं. हे सगळं नेपाळ, भारत, बांगलादेश, पाकिस्तान, श्रीलंका आणि आफ्रिकेतून आलेल्या मजुरांच्या हातांनी झालं.

तिथे 'कफाला' नावाची पद्धत होती. मजुराचा व्हिसा, राहण्याची परवानगी, सगळं एका मालकाच्या नावाशी बांधलेलं. मालकाच्या पत्राशिवाय दुसरीकडे काम धरता येत नव्हतं आणि बरीच वर्षं त्याच्या परवानगीशिवाय देश सोडून घरीही जाता येत नव्हतं. पासपोर्ट काढून घेणं कतारच्या कायद्यालाही मान्य नव्हतं, तरी तो मालकाच्या कपाटात असणं ही नेहमीची गोष्ट होती. बरं, तिथे पोहोचण्याआधीच मजुराने गावातल्या एजंटाला पैसे मोजलेले असत. कर्ज काढून, दागिने गहाण ठेवून. मग पगार दोन-तीन महिने थकला तरी परत फिरायची सोय नाही, कारण घरी सावकार वाट बघतोय.

मुलांना हे समजायला वेळ लागला नाही. ऊसतोडीत मुकादम आधी उचल देतो आणि ती फिटेपर्यंत जोडप्याला बांधून घेतो. आखाताच्या वाटेवर मजूरच आधी पैसे भरतो आणि त्या कर्जाने बांधला जातो. पैसा उलट दिशेने वाहतो, पण गाठ तीच.

एक गोष्ट मात्र प्रामाणिकपणे सांगायला हवी. जगाचं लक्ष गेल्यामुळे कतारमध्ये काही बदल झाले. 2018 मध्ये आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचं कार्यालय दोहात सुरू झालं. 2020 मध्ये काम बदलण्यासाठी मालकाच्या परवानगीची अट कायद्यातून गेली. मार्च 2021 पासून महिना 1,000 रियाल असं किमान वेतन लागू झालं. कडक उन्हात दुपारच्या कामाला बंदी होतीच, तिचे तास वाढवले. कागदावरचे हे बदल छोटे नाहीत. प्रत्यक्षात ते सगळ्यांपर्यंत पोहोचले नाहीत, अशा तक्रारी मात्र स्पर्धेनंतरही येत राहिल्या.

एकाच प्रश्नाची चार उत्तरं

किती मजूर गेले? हा प्रश्न मुलांनी लगेच विचारला. मी फळ्यावर चार आकडे लिहिले : 3, 40, 400 ते 500 आणि 6,500.

पहिला आकडा आयोजकांचा. स्टेडियमच्या जागी, कामाशी थेट संबंधित असे 3 मृत्यू. त्याच मजुरांपैकी आणखी 37 जण गेले, पण ते मृत्यू कामाशी संबंधित नाहीत असं आयोजकांचं म्हणणं. म्हणजे एकूण 40. तिसरा आकडाही आयोजकांकडचाच. स्पर्धा चालू असताना त्यांच्या प्रमुखांनी एका मुलाखतीत सांगितलं की वर्ल्ड कपशी जोडलेल्या सगळ्या कामांत मिळून 400 ते 500 मजूर गेले असावेत. चौथा आकडा ब्रिटनच्या 'द गार्डियन' या वृत्तपत्राने फेब्रुवारी 2021 मध्ये दिला. यजमानपद मिळाल्यापासूनच्या दहा वर्षांत भारत, पाकिस्तान, नेपाळ, बांगलादेश आणि श्रीलंका या पाच देशांचे 6,500 हून अधिक स्थलांतरित कतारमध्ये मरण पावले. त्यात 2,711 भारतीय.

हा शेवटचा आकडा अनेकदा "स्टेडियम बांधताना 6,500 मेले" असा सांगितला जातो. तसं नाही. त्यात सगळ्या प्रकारच्या कामांतली माणसं आहेत, आजाराने गेलेलीही आहेत. आपण मुलांना मानवी हक्क शिकवताना आकडा फुगवून सांगायचा नाही. पण मग पहिला आकडा खरा मानायचा का? तोही नाही. कारण अनेक तरण्याताठ्या माणसांच्या मृत्यूच्या दाखल्यावर 'नैसर्गिक कारण' किंवा 'हृदय बंद पडणे' एवढंच लिहिलं गेलं. शवविच्छेदन नाही, चौकशी नाही. आणि मृत्यू कामामुळे नाही असं एकदा ठरलं, की घरच्यांना भरपाईही नाही. मुलांना मी एवढंच म्हटलं, आकडा ऐकला की दोन प्रश्न विचारायचे. कोणाला मोजलं? आणि कोणाला मोजायचं नाही असं कोणी ठरवलं?

पाटीवर नाव असलेला प्रायोजक

इथे माझ्या मूळ मुद्द्याकडे येते. इंग्रजीत कफाला पद्धतीतल्या मालकालाही 'स्पॉन्सर'च म्हणतात. म्हणजे त्या स्पर्धेत दोन तऱ्हेचे स्पॉन्सर होते. एकाच्या हातात मजुराचा पासपोर्ट, दुसऱ्याचं नाव मैदानाभोवतीच्या पाट्यांवर. पहिल्याबद्दल खूप लिहिलं गेलं. दुसऱ्याबद्दल कमी.

त्या पाट्यांवरचं एक नाव आपल्या क्षेत्रातलं होतं. बायजूज. मुलांना अॅपवर शिकवणारी ही भारतीय कंपनी मार्च 2022 मध्ये वर्ल्ड कपची अधिकृत प्रायोजक झाली. ऑक्टोबरमध्ये कंपनीने सुमारे 2,500 कर्मचाऱ्यांना कमी करणार असल्याचं जाहीर केलं. नोव्हेंबरमध्ये 'सर्वांसाठी शिक्षण' या उपक्रमाचा चेहरा म्हणून मेस्सीचं नाव जाहीर केलं. आपल्यातल्या कितीतरी पालकांनी त्या काळात हप्त्यांवर अॅप घेतलं होतं. म्हणजे मैदानावरची ती पाटी काही अंशी आपल्या खिशातूनही लागली होती. तेव्हा हा प्रश्न दूर कुठला तरी नाही.

मे 2022 मध्ये अॅम्नेस्टी इंटरनॅशनल आणि इतर मानवी हक्क संघटनांनी फिफाकडे मागणी केली की मजुरांच्या आणि मृतांच्या कुटुंबांच्या भरपाईसाठी किमान 44 कोटी डॉलर बाजूला काढा. ही रक्कम का? तर स्पर्धेतल्या संघांना वाटायच्या बक्षिसांची एकूण रक्कमही 44 कोटी डॉलरच होती. खेळणाऱ्यांना जेवढं, तेवढंच बांधणाऱ्यांना. फिफाची त्या चार वर्षांची कमाई साडेसात अब्ज डॉलरच्या घरात होती, म्हणजे मागणी काही आवाक्याबाहेरची नव्हती. संघटनांनी 14 प्रायोजक कंपन्यांनाही पत्रं लिहिली. सप्टेंबरपर्यंत चौघांनी भरपाईला जाहीर पाठिंबा दिला : बडवायझर, आदिदास, कोका-कोला आणि मॅकडोनाल्ड्स. बायजूजचं नाव त्यात नव्हतं.

पुढे काय झालं? मजुरांच्या नुकसानीची भरपाई करण्याची जबाबदारी फिफावरही येते, असं फिफाच्याच एका उपसमितीसाठी तयार झालेल्या अहवालात म्हटलं गेलं. तो नोव्हेंबर 2024 मध्ये बाहेर आला. त्याच सुमारास फिफाने 5 कोटी डॉलरचा एक निधी जाहीर केला, पण तो आरोग्य, निर्वासित अशा जागतिक कामांसाठी. ज्यांच्या घरातला कमावता माणूस गेला त्या कुटुंबांसाठी नाही.

मला वाटतं, प्रायोजकाची गोष्ट अगदी सरळ आहे. तो पैसे देतो तेव्हा नुसती पाटी विकत घेत नाही. आनंदाच्या क्षणी आपलं नाव लोकांच्या डोळ्यांसमोर असावं, त्या आनंदातला थोडा रंग आपल्या मालाला लागावा, यासाठी तो पैसे देतो. ठीक आहे, तो त्याचा धंदा आहे. पण श्रेयात वाटा हवा असेल तर जबाबदारीतही वाटा घ्यावा लागेल. संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क परिषदेने 2011 मध्ये उद्योगांसाठी मान्य केलेली मार्गदर्शक तत्त्वं हेच सांगतात. हक्कांची पायमल्ली तुम्ही स्वतः केली नसेल, पण तुमच्या व्यवहाराशी ती जोडलेली असेल, तर ती थांबवण्यासाठी तुमचं वजन वापरा. प्रायोजकांचं वजन किती असतं हे वेगळं सांगायला नको.

"पण ते स्वतःहूनच गेले होते ना?"

हा प्रश्न एका मुलाने विचारला आणि नंतर शिक्षक-खोलीत एका सहकाऱ्यानेही विचारला. कोणी बंदूक रोखून नेलं नव्हतं. गावी मिळाले असते त्यापेक्षा चार पैसे जास्तच मिळाले. यात शोषण कसलं?

या प्रश्नाचं उत्तर आपल्याच देशात, एका क्रीडास्पर्धेच्याच निमित्ताने, चाळीस वर्षांपूर्वी दिलं गेलं आहे. 1982 चं दिल्लीचं एशियाड माझ्या वयाच्या पालकांना आठवत असेल. अप्पू हत्ती, नवा रंगीत टीव्ही. त्या एशियाडची स्टेडियम आणि उड्डाणपूल बांधायला देशाच्या वेगवेगळ्या भागांतून मजूर आणले होते. तीन समाजशास्त्रज्ञांनी कामांच्या जागी जाऊन पाहणी केली. तिच्या आधारे 'पीपल्स युनियन फॉर डेमोक्रॅटिक राइट्स' या संघटनेने न्यायमूर्ती भगवती यांना एक पत्र लिहिलं. सर्वोच्च न्यायालयाने ते पत्रच याचिका म्हणून दाखल करून घेतलं.

पाहणीत काय दिसलं होतं? मजुराची किमान मजुरी होती दिवसाला सव्वानऊ रुपये. कंत्राटदार पैसे जमादाराच्या हातात देत. जमादार रोजचा एक रुपया कमिशन कापून मजुराला सव्वाआठ देई. बायकांना तर सातच रुपये मिळत, अशी तक्रार होती. बांधकामावर चौदा वर्षांखालची मुलंही होती.

('जमादार' शब्द आला तेव्हा वर्गातून आवाज आला, "म्हणजे मुकादमच की!")

सरकारचं म्हणणं होतं, मजूर कंत्राटदारांचे आहेत, आमचे नाहीत. 18 सप्टेंबर 1982 च्या निकालात न्यायालयाने ते मानलं नाही. काम ज्याचं, त्याला कंत्राटदाराकडे बोट दाखवून सुटता येणार नाही. बांधकाम हे धोक्याचं काम आहे, तिथे मुलांना लावणं हा कलम 24 चा भंग आहे. आणि सर्वांत महत्त्वाचं, कलम 23 मधल्या 'सक्ती'चा अर्थ. मारून-मुटकून करवून घेतलेलं काम तेवढंच सक्तीचं नसतं. भूक आणि गरिबीमुळे दुसरा पर्याय उरला नाही म्हणून माणूस किमान वेतनापेक्षा कमी मजुरीवर राबत असेल, तर तेही सक्तीचंच काम आहे.

"स्वतःहून गेला" या युक्तिवादाला याहून स्वच्छ उत्तर मला माहीत नाही. आणि हे कलम आपण सातवीला शिकवतो! शिकवताना एशियाडचा उल्लेखही करत नाही, ही आपलीच चूक.

खेळात राजकारण कशाला?

आणखी दोन आक्षेप ऐकले. पहिला, खेळात राजकारण आणू नका, पोरांना सामने बघू द्या. मी सामने बंद करा असं म्हणतच नाही. 2022 ची ती अंतिम लढत, 3–3 बरोबरी आणि मग पेनल्टी, माझ्या घरी सगळ्यांनी जागून पाहिली. बहिष्काराने मजुराच्या हातात काही पडत नाही, उलट त्याचं काम जातं. कतारमधल्या सुधारणा झाल्या त्या जगाची नजर तिकडे होती म्हणून. अडचण अशी की ही नजर अंतिम सामन्याच्या शिटीबरोबर दुसरीकडे वळते.

दुसरा आक्षेप, हे सगळं पाश्चात्त्यांचं ढोंग आहे, त्यांना फक्त अरबांचे आणि आशियाचे दोष दिसतात. यात तथ्य आहे. मोठमोठे प्रायोजक तिकडचेच आहेत आणि त्यांच्या नफ्याबद्दल तिकडे कमी बोललं जातं. पण मेलेल्या 2,711 भारतीयांबद्दल आपण विचारलं तर ते पाश्चात्त्यांचं ढोंग कसं होईल? ती आपली माणसं होती. खरा प्रश्न तर हा, की हे आधी आपण का विचारलं नाही?

आता पाळी आपली

2034 चा वर्ल्ड कप सौदी अरेबियात होणार हे डिसेंबर 2024 मध्ये ठरलं. तिथली सरकारी तेल कंपनी अरामको त्याच वर्षी फिफाची मोठी प्रायोजक झाली. तिथेही स्टेडियम बांधायला आपलीच माणसं जाणार, हे सांगायला ज्योतिषी नको.

पण त्याआधी 2030 ची राष्ट्रकुल स्पर्धा आपल्या अहमदाबादला आहे आणि 2036 च्या ऑलिंपिकसाठीही भारताचा प्रयत्न चालू आहे. मला याचा आनंद आहे, माझ्या वर्गातल्या मुलांनी ते मैदान बघावं असं वाटतं. पण काळजीही वाटते. 2010 च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेच्या वेळी, एशियाड निकालाला अठ्ठावीस वर्षं उलटून गेल्यावरही, मजुरांचा प्रश्न पुन्हा कोर्टात गेला. दिल्ली उच्च न्यायालयाने नेमलेल्या समितीला कामगार कायद्यांचं उल्लंघन दिसलंच. म्हणजे कायदा आहे, निकाल आहे, तरी जमादार आहेच.

म्हणून काम ऐन भरात येण्याआधीच काही गोष्टी मागायला हव्यात. कुठल्या कामावर कोण कंत्राटदार आहे आणि मजुरी किती, हे लोकांना दिसेल असं जाहीर करा. मजुरी थेट मजुराच्या खात्यात जाऊ द्या. प्रायोजकाशी करार करताना मजुरांच्या हक्कांची अट त्यात लिहा आणि अपघातात गेलेल्यांच्या कुटुंबांसाठीचा निधी स्पर्धेआधीच उभा करा. आणि बांधकामाच्या जागी पाळणाघर आणि शाळा हवीच. नंदुरबार-धुळ्याकडची कुटुंबं कामासाठी गुजरातेत जातात. त्यांची मुलं तिथे काय करतील, हा प्रश्न आपण शिक्षकांनी नाही विचारला तर कोण विचारणार? ऑक्टोबर-नोव्हेंबरात शिक्षण हमी कार्डं भरताना रिकामे होत जाणारे बाक आपणच बघतो.

वर्गात काय करता येईल?

मी केलेले छोटे उपक्रम सांगते. वेगळा तास लागत नाही.

1. गणित : सव्वानऊ रुपयांतून एक रुपया गेला तर शेकडा किती कपात? एका जमादाराकडे 100 मजूर असतील तर महिन्याला किती? उत्तर काढल्यावर मुलं स्वतःच बोलू लागतात.

2. भूगोल : नकाशावर आखाती देश, तिथलं उन्हाळ्यातलं तापमान आणि दुपारच्या कामावर बंदी का, यावर चर्चा.

3. मराठी : औपचारिक पत्रलेखन. नेहमीच्या 'पुस्तकं मागवा' पत्राऐवजी एखाद्या प्रायोजक कंपनीला पत्र. मुलांना आवर्जून सांगा की एशियाडचा खटला एका पत्रावरून सुरू झाला होता.

4. घरी, पालकांबरोबर : सामना बघताना पाट्यांवरची पाच नावं लिहायची. ही कंपनी काय विकते, आपण तिचं काय विकत घेतो, एवढंच.

मोठ्या मुलांना मृत्यूचे आकडे सांगायला हरकत नाही, लहानांना मजुरी आणि घरापासून दूर राहणं एवढंच पुरे. ज्यांच्या घरी स्थलांतर आहे अशा मुलांना वर्गासमोर उदाहरण म्हणून उभं करू नका. त्यांना बोलावंसं वाटलं तर ती आपणहून बोलतात.

माझ्या वर्गातल्या त्या मुलीने पत्र लिहिलं. कंपनीचं नाव तिला ठरवता येईना म्हणून वर नुसतं 'मा. प्रायोजक साहेब' असं लिहिलं. मजकूर चारच ओळींचा. शेवटची मागणी अशी होती, की स्टेडियम बांधणाऱ्यांना त्यांच्या मुलांसह एक सामना फुकट दाखवावा.

मी त्या पत्राला दहापैकी दहा दिले. पत्राचा मायना चुकला होता, तो पुढच्या तासाला सुधारू.